फी माफ होते, खाणावळ होत नाही

एम.ए. करायला किती पैसे लागतात असे कोणी विचारले की घरातली जाणती माणसे फीचा आकडा सांगतात. सरकारी विद्यापीठात मराठी किंवा इतिहासाच्या एम.ए.ची फी हा खर्चाचा लहानसा भाग. खरा खर्च दोन वर्षे शहरात राहण्याचा आणि दोन वेळा जेवण्याचा. शिवाय कमावत्या वयाचे मूल दोन वर्षे घरी काही पाठवणार नाही, हे तर कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते. आपल्याकडे उच्च शिक्षणाचे पैसे कसे उभे राहिले, हा इतिहास मी निवृत्तीनंतर जरा सवडीने वाचला. त्यात फीपेक्षा भाकरीचाच हिशेब जास्त आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण शाळेत मी वर्षानुवर्षे शिकवले, पण ते जमाखर्चाच्या वहीसारखे वाचायचे तेव्हा सुचले नव्हते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ खाजगी, तिथे १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला, म्हणजे लंडन विद्यापीठाच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. शिक्षणाचा खर्च देणारा राजा होता, पण त्याच्याच राजधानीत डोके टेकायला खोली नव्हती!

मग त्यांनी काय केले? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. स्वतःची बचत, राजाची मदत आणि मित्राचे कर्ज अशी तिहेरी मोट बांधून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. आणि त्याच सुमारास रुपया घसरला. १९२० च्या सुरुवातीला रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते, वर्षभरात दीड शिलिंगही मिळेनासे झाले. रुपयांत साठवलेले पैसे पौंडांत मोजताना काय वाटले असेल! त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषयही रुपयाचा प्रश्न हाच होता.

शाहू महाराजांना भाकरीचा हिशेब आधीच कळला होता. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शिकणाऱ्याने अंगमेहनत करून आपले जेवण मिळवायचे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघाले तेव्हा पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी तेच विद्यापीठात आणले. आता काही मंडळी म्हणतील, मुलाने पुस्तक हातात घ्यायचे की खुरपे? मला स्वतःला ही पद्धत दानापेक्षा बरी वाटते, पण एक शंका राहतेच. ज्याच्या बापाने फी भरली त्याला बागेला पाणी घालावे लागत नाही.

सरकारी मदतीची सुरुवातही बाबासाहेबांच्याच हातून झाली. ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात ई.बी.सी. सवलत आली. ई.बी.सी.चा फॉर्म ही आमच्या पिढीची ओळखखूणच म्हणा ना. तलाठ्याचा दाखला, वडिलांची सही, आणि फी माफ. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली त्यामुळे बी.ए.पर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. कारण एम.ए.ला जिल्ह्याच्या गावाबाहेर जायचे, आणि तिथे मुलीला ठेवायचे कोणाकडे? मामा-मावशी शहरात असली तर शिक्षण, नाही तर लग्न किंवा डी.एड., बी.एड.

केंद्र सरकारची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती १९६३ पासून होती. बिनव्याजी कर्ज, नोकरी लागल्यावर हप्त्याने फेडायचे. जो शिक्षक होईल त्याला दरवर्षी एक दशांश रक्कम माफ. बडोद्याच्या करारासारखेच हे, फक्त राजाऐवजी फळा. शिक्षक झालेल्यांपैकी पुष्कळांनी दुसरी वाट धरली. आधी नोकरी, मग बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम.ए. दिवसा तासिका, रात्री कंदील, परीक्षेला रजा. शिष्यवृत्ती म्हणजे आपलाच पगार.

आज योजनांची यादी लांब आहे. संशोधनासाठी यू.जी.सी.ची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, पण ती नेट परीक्षेतल्या थोड्यांनाच मिळते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना मला विशेष वाटते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ती मुंबई-पुण्यासारख्या शहरात जेवण, खोली आणि निर्वाहासाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत देते. म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, खाणावळीचा हिशेब सरकारच्या कागदावर आला. प्रश्न उरला तो पैसे कधी येतात याचा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरात एम.ए. करत होती. अर्ज ऑगस्टमध्ये भरला, पैसे दुसऱ्या सत्राची परीक्षा झाल्यावर खात्यात आले. तोवर खाणावळवाल्या मावशींनी डबा दिला, वहीत लिहून. खोलीचे भाडे मैत्रिणीने भरले. सगळी रक्कम एकदम आली तेव्हा तिने आधी मावशींची उधारी फेडली, मग मैत्रिणीची. उरलेल्या पैशांतून पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला.