हुकूमशहांच्या काळातील औंध

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवताना विद्यार्थी एका प्रसंगापाशी हमखास अडखळतात. वाडीने अंगमेहनतीने उभारलेल्या तालमीच्या उद्घाटनाला संस्थानचा राजा स्वतः येतो, हे त्यांना पटत नाही. सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना मात्र त्यात नवल वाटत नसे. माडगूळकरांचे माडगूळे ज्या औंध संस्थानात होते, त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तालमीचे निमंत्रण नाकारणारे गृहस्थ नव्हतेच. सूर्यनमस्कार, चित्रकला आणि कीर्तन ही त्यांची तीन वेडे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पाया त्यांच्या देणगीच्या आधाराने घातला गेला. हे सारे सर्वपरिचित आहे. येथे विचार करायचा आहे तो त्यांच्या एका निर्णयाचा आणि तो ज्या काळात घेतला गेला त्या काळाचा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच महिन्यात, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि त्यांची दुकाने फोडली गेली. म्युनिकचा करार होऊन दोन महिनेही उलटले नव्हते. औंधच्या घोषणेचा मसुदा करण्यात ज्याचा हात होता तो मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा ज्यू अभियंता होता. म्हैसूरच्या दिवाणांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या विद्युत कारखान्यात आलेला हा माणूस पुढे गांधीजींच्या प्रभावाखाली आला आणि युवराज अप्पासाहेब पंतांच्या स्नेहामुळे औंधास पोहोचला. इतिहासात असे योगायोग घडतात आणि आपण ते लक्षात घेत नाही.

दोन महायुद्धांमधील हुकूमशहांचा उदय आपण बहुधा सज्जाकडे पाहत शिकतो. सज्जात उभा असलेला एक माणूस आणि खाली लोटलेला जनसमुदाय, हे ते चित्र. पराभव, चलनफुगवटा, बेकारी, साम्यवादाची भीती ही कारणे आपण पाठ करतो आणि ती खोटी नाहीत. पण सज्जाकडे पाहता पाहता चावडीकडे दुर्लक्ष होते. मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ मध्ये पंतप्रधान झाला, तेव्हा इटलीतील खेड्यांना निवडून आलेली मंडळे होती. १९२६ च्या फेब्रुवारीत कायदा करून पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांची ही मंडळे रद्द झाली आणि त्या जागी सरकारनियुक्त 'पोदेस्ता' आला. त्याच वर्षी ही व्यवस्था उरलेल्या गावांनाही लागू झाली. जर्मनीत हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला, मार्चमध्ये संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या हाती दिले आणि जानेवारी १९३५ च्या कायद्याने नगरपालिकांच्या निवडणुका संपल्या. रशियात सामूहिक शेतीच्या लाटेत शेतकऱ्यांच्या जुन्या ग्रामसभा १९३० च्या सुमारास मोडीत निघाल्या. त्याच स्टालिनने १९३६ मध्ये कागदावर अत्यंत उदार अशी राज्यघटना दिली, ही गोष्ट औंधच्या संदर्भात विसरता येणार नाही. घटना देणे आणि सत्ता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तिन्ही देशांच्या विचारप्रणाली परस्परविरोधी होत्या, पण खेड्याशी त्यांनी केलेला व्यवहार एकच होता. नेता आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये जे काही लहानसहान, निवडलेले, भांडखोर आणि कंटाळवाणे असे होते ते सारे काढून टाकले गेले. मला हुकूमशाहीची ही ओळख सज्जातील भाषणांपेक्षा अधिक नेमकी वाटते.

आपल्याकडील हवाही काही निर्मळ नव्हती, हे कबूल केले पाहिजे. १९२४ पासून पुढची दहा-अकरा वर्षे 'केसरी'त इटलीविषयी जे लेखन येत राहिले त्यात कौतुकाचा सूर स्पष्ट आहे: बेशिस्त देशाला शिस्त लावणारा पुरुष. 'केसरी'चे लंडनमधील बातमीदार द. वि. ताम्हणकर यांचे मुसोलिनीवरील मराठी पुस्तक १९२७ सालचे. गोलमेज परिषदेहून परतताना डॉ. बा. शि. मुंजे रोमला थांबले, बालिल्ला या मुलांच्या संघटनेची कवायत त्यांनी पाहिली आणि १९ मार्च १९३१ रोजी ते मुसोलिनीला भेटले. १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला सैनिकी शाळा उभी केली. हा मोह केवळ एका पक्षाचा होता असेही नाही. कायदेभंगाच्या चळवळीत काँग्रेसच्या प्रांतिक प्रमुखांना 'डिक्टेटर' म्हटले जाई आणि त्यात कोणाला काही खटकत नसे. १९३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात आर्य समाजाने आपल्या नेत्याला 'सर्वाधिकारी' हे पद दिले. शब्द उसने येतात तेव्हा त्यांच्याबरोबर थोडी वृत्तीही येते.

मग औंध या हवेपासून दूर होते काय? बाळासाहेबांच्या शाळांतून मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे होते. रांगेत उभी राहून एका तालावर वाकणारी शेकडो मुले पाहून मुंज्यांना बालिल्लाची आठवण झाली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. फरक होता तो राजाच्या हेतूत. बालिल्लातील मूल राज्यासाठी घडवले जात होते. औंधचा राजा मुलांच्या पोटाची, पाठीच्या कण्याची आणि पचनाची चिंता करणारा, काहीसा छांदिष्ट वडीलधारा होता. पण 'वडीलधारा' हा शब्दही निरुपद्रवी नाही. १९०९ पासून गादीवर असलेल्या या राजाची इच्छा, ब्रिटिशांची मर्जी सांभाळून, संस्थानात कायदाच होती.

औंध हे नकाशावर सलग सापडणारे राज्य नव्हते. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ थेट विजापूरकडे. सुमारे ५०० चौरस मैल, ७२ गावे आणि लाखाच्या आतली वस्ती. राजा, अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले आणि गांधीजींनी घटनेला आकार दिला. २१ जानेवारी १९३९ रोजी ती जाहीर झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची, तालुक्यांतून विधिमंडळ उभे राहायचे आणि महसुलाचा मोठा वाटा खालीच खर्च व्हायचा. जी चावडी इटली आणि जर्मनी मोडीत काढत होते, तिच्यावर येथे राज्याचा पाया ठेवला गेला. नऊच दिवसांनी, ३० जानेवारीला, हिटलरने संसदेत ज्यूवंशाच्या संहाराची उघड धमकी दिली. फ्रीडमनच्या मनात त्या दिवसांत काय असेल याची कल्पना करवत नाही. तो मात्र आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी करण्याच्या कामात गुंतला. हेच स्वतंत्रपूर, ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचे मूळ येथे आहे.

येथवर गोष्ट सुंदर आहे आणि म्हणूनच तिच्यावर संशय घेणे भाग आहे. सत्ता राजाने दिली. प्रजेने ती घेतली असे म्हणता येत नाही. एका माणसाच्या सदिच्छेवर उभे राहिलेले स्वराज्य त्याच्या अनिच्छेनेही कोसळू शकले असते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. चावडी म्हणजे कोणाची चावडी? 'बनगरवाडी'त सत्ता दिसते ती कारभाऱ्याच्या रूपाने. तो माणूस म्हणून थोर असला तरी त्याच्या शब्दापुढे वाडीत दुसरा शब्द नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर कठोर हल्ला चढवला आणि व्यक्ती हाच घटनेचा घटक मानला, तो याच अनुभवातून. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावातला हुकूमशहा रोमच्या हुकूमशहापेक्षा अधिक जवळचा असतो. औंधची घटना या प्रश्नाला पुरेसे उत्तर देत नाही, असे माझे मत आहे. आणि तरीही निवडून आलेली पंचायत वरून नेमलेल्या पोदेस्तापेक्षा बरी, कारण तिच्याशी निदान भांडता येते.

भांडण पुढे झालेही, पण वेगळ्या रीतीने. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात उभे राहिले. औंधच्या हद्दीतील कुंडल हा त्याचा बालेकिल्ला होता आणि जी. डी. बापू लाड तेथलेच. संस्थानांच्या हद्दी भूमिगतांच्या उपयोगी पडत. अप्पासाहेबांची त्यांच्याविषयीची सहानुभूती लपलेली नव्हती. प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली, सावकारांना आणि गुंडांना जरब बसवली, तूफान सेना उभारली. तळपायावर काठ्यांचे फटके मारण्याच्या त्याच्या शिक्षेवरून 'पत्री सरकार' हे नाव पडल्याची समजूत आहे. गणवेश, सेना आणि तत्काळ शिक्षा ही त्या काळची लक्षणे येथेही दिसतात, हे नाकारून चालणार नाही. परंतु या चळवळीत सज्जा उभा राहिला नाही. नाना पाटलांचे वक्तृत्व अफाट होते, पण गावागावांतले निवाडे गावातली माणसेच करीत होती. कुंडलच्या माणसांना चार वर्षे आधीपासून पंचायतीची सवय होती, या गोष्टीचा त्याच्याशी काही संबंध असावा असे वाटते.

इटलीतील गावांना त्यांची निवडून आलेली मंडळे १९४६ च्या मार्चपासून परत मिळू लागली. त्या निवडणुकांत स्त्रियांनीही प्रथमच मत दिले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि नऊ वर्षे चाललेली त्याची घटना संपली. अप्पासाहेब त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेला गेले. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले.