‘मिरजेला न्या’ : सीमाभागातल्या माणसांनी दवाखाना कसा निवडला



आपल्या ग्रुपवर गल्ल्या, शाळा, गणपती, तालमी, नाटकं यांवर पुष्कळ लिहून झालंय. आजारपणावर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. खरं तर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, एक वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असणार. घरात कोणाला मोठं दुखणं आलं, गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, मान हलवली आणि म्हणाले, ‘इथं वेळ घालवू नका, मिरजेला न्या.’ हे वाक्य कुठून आलं आणि त्याच्या जोरावर आपल्या तीन पिढ्यांनी दवाखाना कसा निवडला, हे नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाईन झाली आणि बेळगाव मिरजेला जोडलं गेलं. १८९१ साली कोल्हापूर संस्थानची लाईनही मिरजेला येऊन मिळाली. म्हणजे पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव अशा तिन्ही बाजूंनी येणारा माणूस मिरज जंक्शनवर उतरू लागला. नेमक्या त्याच काळात डॉ. विल्यम वॉन्लेस तिथे आले. जन्म १८६५ चा, कॅनडातला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली ते भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तेच आपलं ‘मिरजेचं मिशन’. मोतीबिंदूच्या आणि पोटाच्या ऑपरेशनांसाठी त्यांचं नाव लांबलांब गेलं. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी या भागात काढली. १९२८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १९३३ साली ते वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉन्लेसवाडी आणि तिथलं क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

आता प्रश्न असा की, बेळगावातही सरकारी सिव्हिल हॉस्पिटल होतंच, शिवाय मिरजेच्याच लाईनवर घटप्रभेचं आरोग्यधामही होतं. तरी लोक मिरजेलाच का जायचे? मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण म्हणजे गाडी. आजारी माणसाला बैलगाडीतून स्टेशनपर्यंत आणलं की पुढे एकदाच उतरायचं. दुसरं कारण भाषा. मिशनमधल्या नर्सेस, वॉर्डबॉय, कंपाउंडर मराठीही बोलायचे आणि कानडीही समजायचे. अथणी, चिकोडी, रायबाग, जमखंडीकडचे कानडी भाषकही तेवढ्याच संख्येने तिथे यायचे, हे आपण विसरता कामा नये. मिरज ही काही फक्त मराठी माणसाची वाट नव्हती. तिसरं कारण म्हणजे सोबतच्या माणसांची सोय. पेशंट एक आणि बरोबर चार माणसं, ही आपली रीत. दवाखान्याच्या आसपास भाड्याने खोली मिळायची, स्टो पेटवून भात-आमटी करता यायची. घरचं माणूस उशाशी आहे या गोष्टीने अर्धं दुखणं कमी व्हायचं.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे चिठ्ठी. आपल्या फॅमिली डॉक्टरने एका कागदावर चार ओळी लिहून द्यायच्या. काय त्रास आहे, किती दिवस आहे, काय औषध दिलं, आणि शेवटी ‘कृपया पाहावे’. ती चिठ्ठी खिशात असली की माणूस परक्या गावात निराधार नसायचा. परत येताना तिकडचे डॉक्टर इकडच्या डॉक्टरला उत्तर लिहायचे. ऑपरेशन मिरजेला व्हायचं, पण टाके काढणं, मलमपट्टी, पुढची औषधं हे सगळं गल्लीतल्या दवाखान्यातच होत असे. म्हणजे निवड पेशंटने केलेली नसायची. त्याच्या वतीने त्याला ओळखणाऱ्या एका माणसाने केलेली असायची, आणि त्या निवडीत त्या माणसाचा स्वतःचा काही फायदा नसायचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला गेला. त्यावर आंदोलनं झाली, सत्याग्रह झाले, महाजन आयोग आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. तो सगळा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण दवाखान्याच्या बाबतीत काय झालं ते कोणी सांगत नाही. सरकारी कागदाची दिशा बदलली. पूर्वी मोठी केस मुंबईला जे.जे.कडे जायची, ती आता हुबळीला किंवा बेंगळूरला पाठवली जाऊ लागली. हुबळीचं मेडिकल कॉलेज १९५७ सालचं. १९६३ साली बेळगावातच के.एल.ई. संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघालं. इकडे मिरजेलाही १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. म्हणजे साठच्या दशकात दोन्ही बाजूंना डॉक्टर वाढले, खाटा वाढल्या. तरी सामान्य मराठी माणसाची पावलं बरीच वर्षं जुन्याच वाटेने चालत राहिली. नकाशावर रेघ मारता येते, पण सवयीवर आणि विश्वासावर ती चटकन उमटत नाही.

पुढे मिरजेच्याही पलीकडे जायची वेळ यायला लागली. ‘कॅन्सर’ हा शब्द घरात हळू आवाजात बोलला जायचा आणि त्याच्यापुढे एकच नाव यायचं, परळचं टाटा. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. हृदयाच्या झडपांची दुखणी घेऊन लोक परळच्याच के.ई.एम.ला जायचे, ते १९२६ सालचं. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर लाईन ब्रॉडगेज झाली, आपली मात्र मीटरगेजच राहिली. त्यामुळे मुंबईला जायचं तर मिरजेला उतरून गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात आपली लाईन रुंद होईपर्यंत हे चाललं. स्ट्रेचरवरच्या माणसाला मध्यरात्री एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

मुंबईत राहायचं कुठे हा मोठा प्रश्न असे. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती या ठिकाणांनी आपल्या भागातल्या किती कुटुंबांना आसरा दिला असेल याची गणती नाही. टाटाला जायचं ठरलं की खोली आधी विचारा, मग तिकीट काढा, असं जाणती माणसं सांगायची.

आणखी लांबची वाट वेल्लोरची. आयडा स्कडर यांनी १९०० साली सुरू केलेल्या कामातून उभं राहिलेलं सी.एम.सी. हॉस्पिटल. मेंदूची, किडनीची दुखणी असली की तिकडे. काटपाडी स्टेशनला उतरायचं. तिथे ना मराठी ना कानडी, सगळा तमिळ मुलूख. तरी लोक जायचे, कारण ‘तिथे खरं काय ते सांगतात आणि बिल सांगितल्याएवढंच होतं’ अशी ख्याती होती.

मी बँकेत होतो. दवाखान्याशी माझा संबंध आला तो सोनंतारण कर्जाच्या काउंटरवरून. सकाळी साडेदहाला शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक पुष्कळदा आजारपणाचंच असायचं. रुमालात बांधलेल्या पाटल्या, बोरमाळ. कारण काय म्हणून विचारलं की ‘मिरजेस जायाचं हाय ओ सायेब’ एवढंच उत्तर. कोअर बँकिंगच्या आधीचा काळ. रोकड कंबरेला बांधून मुंबईला जाणं धोक्याचं, म्हणून आम्ही ड्राफ्ट काढून द्यायचो. एक गोष्ट मात्र होती. बँकेचा माणूस बदल्यांमुळे सगळीकडे असायचा. परळच्या बाजूला आपला एखादा सहकारी असला की त्याला ट्रंककॉल करून सांगायचं, ‘आपला माणूस येतोय, केसपेपर कुठे काढायचा तेवढं दाखव.’ नियमावलीत हे काम कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शाखेतले सगळेच करायचे.

वडगावच्या एका विणकराची गोष्ट सांगतो. मुलीला लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला, पुढे दम लागायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ‘झडप खराब आहे. हे आमच्याकडे होत नाही. के.ई.एम.ला जा, मी चिठ्ठी देतो.’ तो विणकर मला नंतर म्हणाला, ‘सायेब, आमच्याकडं होत न्हाई असं सांगणारा डॉक्टर मोठा बघा.’ या एका वाक्यात दवाखाना निवडायचं सगळं शास्त्र आलं, असं मला वाटतं. मिरजेचं मोठेपण तिथल्या ऑपरेशनांत होतंच, पण ‘इथे नाही, तिकडे’ हे वेळेवर सांगण्यातही होतं.

आता काळ बदलला. बेळगावातच हृदयाची, किडनीची, मेंदूची ऑपरेशनं होतात. कोल्हापूर, हुबळी, गोवा दोन-तीन तासांवर आहेत. मिरजेतही डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी हाडांच्या शस्त्रक्रियेत नाव काढलं, कॅन्सरचं वेगळं हॉस्पिटल झालं. पर्याय भरपूर आहेत, चिठ्ठी लिहिणारा मात्र हरवला. फॅमिली डॉक्टर कमी झाले. जिथेतिथे बोर्ड, पॅकेज, शिबिरं. कोण कोणाला का पाठवतोय, हे पेशंटला कळत नाही.

त्यात आपल्या सीमाभागाची वेगळी अडचण म्हणजे कागद. कर्नाटकाच्या योजना ठरलेल्या दवाखान्यांतच. गोव्याच्या बांबोळीला २०१८ पासून बाहेरच्या पेशंटना शुल्क पडतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटक सरकारने हरकत घेतली. राजकारण आपल्या ठिकाणी चालू राहील. पण गाडी भाड्याने करून पेशंट घेऊन निघण्याआधी, ‘या दवाखान्यात, या आजाराला, माझं कार्ड चालतं का?’ हे फोन करून विचारलंच पाहिजे. नुसतं ‘योजना आहे’ याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ‘मिरजेला न्या’ हे वाक्य सवडीच्या दुखण्यांसाठी होतं. मोतीबिंदू, हर्निया, गाठ, ज्यात चार दिवस इकडेतिकडे चालायचे. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर ती वाट धरायची नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याच्या आधी सी.टी. स्कॅन व्हावा लागतो. अशा वेळी सोय असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना, हीच निवड. मोठं नाव ऐकून पेशंटला शंभर किलोमीटर पळवणं म्हणजे हातातली वेळ रस्त्यावर सांडणं. आपल्या पिढीच्या डोक्यात जुनी वाट इतकी पक्की बसलीय, की हे मुद्दाम सांगावं लागतं.

सवडीचं दुखणं असेल तर मात्र जुन्या चिठ्ठीचं काम आता आपल्यालाच करावं लागेल. निदान कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन कोण करणार, तो डॉक्टर तिथलाच की महिन्यातून दोनदा येणारा, हे विचारा. अशी ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात, रात्री आय.सी.यू.त डॉक्टर कोण असतो, औषधांसकट खर्च किती, पुढे किती वेळा यावं लागेल, हेही विचारा. कॅन्सरची शंका असेल तर बायोप्सीचा रिपोर्टच नव्हे, स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तेच पुन्हा तपासता येतात. आणि शक्यतो त्या ऑपरेशनमध्ये ज्याचा काही फायदा नाही अशा एका डॉक्टरला कागद दाखवा. प्रश्न विचारल्यावर चिडणारा दवाखाना आपला नव्हे, हे खुशाल समजा.

आपल्या ग्रुपवर निवृत्त डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत, बेंगळूर-पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मुलं आहेत. परळचा रस्ता कोणाला माहीत आहे, काटपाडीला कोण जाऊन आलंय, बांबोळीत कोणाची ओळख आहे, हे खाली लिहून ठेवा. तुमच्या घरात ‘मिरजेला न्या’ कोणी सांगितलं होतं, तेही लिहा. त्या डॉक्टरांची फी कोणी फारशी लक्षात ठेवली नाही, पण त्यांनी दाखवलेल्या वाटेने गेलेली माणसं जगली, त्यांचीच मुलं-नातवंडं आज ही पोस्ट वाचतायत.