मिठाने जुळवलेला डेटा

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

मागच्या वर्षी एका क्लायंटसाठी मी डॅशबोर्ड बनवत होते. एका शीटमध्ये डिलिव्हरीच्या नोंदी, दुसऱ्या शीटमध्ये कॉल सेंटरला आलेल्या तक्रारी. दोन्हीकडे सारखा असा एकच कॉलम होता, पिनकोड. मी पिनकोडवर जॉईन मारला, चार्ट मस्त दिसला, रिपोर्ट पाठवून दिला. पण एकेका पिनकोडमध्ये दोन-दोन डेपोंच्या गाड्या फिरत होत्या ना! त्यामुळे एका डेपोच्या तक्रारी दुसऱ्याच्याही नावावर चढल्या. ज्याची काही चूक नव्हती, त्या सुपरवायझरला भर मीटिंगमध्ये बोलणी खावी लागली. चूक माझी होती.

त्यानंतर मी जॉन स्नो परत वाचला.

हो, तोच. लंडनचा डॉक्टर, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, ते काढलेलं हँडल. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्याच वर्षी, 1854 मध्ये, त्याने थेम्सच्या दक्षिणेला एक दुसरं काम केलं, आणि मला विचाराल तर ते पंपापेक्षा भारी आहे.

झालं असं होतं, की दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन खासगी कंपन्या पाणी पुरवायच्या. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी बॅटरसीला नदीचं पाणी उचलायची, म्हणजे शहराची घाण नदीत मिसळते तिथेच. लँबेथ कंपनीही आधी शहरातूनच पाणी घ्यायची, पण 1852 मध्ये तिने आपली जागा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला हलवली. स्नोचं म्हणणं होतं की कॉलरा पाण्यातून पसरतो. तेव्हा बहुतेक जाणकार दुर्गंधी हवेला दोष द्यायचे. म्हणजे दोन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांचे मृत्यू वेगळे मोजले, की फैसला झाला. सोपं वाटतं ना?

मृत्यूंची यादी होती. जनरल रजिस्टर ऑफिसात विल्यम फार नावाचा आकडेवारीचा पक्का माणूस होता, त्याने मृतांचे पत्ते स्नोला दिले. कोणत्या कंपनीची किती घरं, हा आकडाही पार्लमेंटला सादर झालेला होता. दोन टेबलं तयार. पण दोन्हींत सामाईक असं काय? फक्त विभाग. आणि बऱ्याच विभागांत दोन्ही कंपन्यांचे पाइप एकाच गल्लीतून गेलेले. या घरात एकीचं पाणी, शेजारच्या घरात दुसरीचं. विभागावर जॉईन मारला असता तर स्नोचं तेच झालं असतं, जे माझं पिनकोडवर झालं.

मग तो घरोघरी गेला. काही भाग व्हायटिंग नावाच्या वैद्यकीय सहकाऱ्याने सांभाळला. ज्या घरात माणूस गेलाय त्या दारात उभं राहून विचारायचं, तुमच्याकडे पाणी कुणाचं? बऱ्याच भाडेकरूंना ते माहीतच नसायचं, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा. पावती सापडली तर ठीक.

आणि नाही सापडली तर? इथे मी अक्षरशः हेडफोन काढून बसले होते. स्नो त्या घरातलं थोडं पाणी छोट्या बाटलीत भरायचा, तिच्यावर पत्ता लिहायचा आणि नंतर त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून बघायचा. पाण्यात मीठ जास्त असेल तर दाट पांढरा साका येतो. लँबेथच्या पाण्यात गॅलनला 0.95 ग्रेन मीठ, दुसरीच्या पाण्यात 37.9. जवळपास चाळीसपट! रंग बघूनच कंपनी कळायची. कोणत्याही रजिस्टरमध्ये नसलेला कॉलम त्याने नळातून काढला.

पहिल्या चार आठवड्यांत त्या भागात 334 मृत्यू होते. त्यातले 286 साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या घरांतले, 14 लँबेथच्या. सातव्या आठवड्याअखेर हिशेब असा: साउथवर्क अँड वॉक्सहॉलची 40,046 घरं, 1,263 मृत्यू. लँबेथची 26,107 घरं, 98 मृत्यू. दर दहा हजार घरांमागे 315 विरुद्ध 37.

आता खरं सांगायचं तर यातही गडबड आहे. घरांचे आकडे 1853 चे, मृत्यू 1854 चे. शिवाय एका घरात किती माणसं, याचा हिशेब नाही. आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये कुणीतरी नक्की बोट ठेवलं असतं. पण अशा गडबडीने थोडाफार फरक पडेल, आठपट नाही.

लगेच सगळ्यांना पटलं का? छे. हवेवाले हवेवरच राहिले. 1856 मध्ये जॉन सायमन या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याच दोन कंपन्यांची तुलना स्वतंत्रपणे केली, तेव्हाही वाईट पाण्याच्या घरांत मृत्यू कितीतरी जास्त निघाले. स्नो 1858 मध्ये वारला, पंचेचाळिसाव्या वर्षी.

फारला मात्र यातली मेख आधीच कळली होती. त्याला हवेचा सिद्धांत सोडवत नव्हता, तरी ऑगस्ट 1854 च्या अखेरीस त्याने दक्षिणेकडच्या रजिस्ट्रारांना सांगितलं, की कॉलऱ्याचा मृत्यू नोंदवताना त्या घरात पाणी कुणाचं येतं तेही लिहा. म्हणजे मूळ फॉर्मातच नवा रकाना!

मीही तेच केलं. कॉल सेंटरच्या फॉर्ममध्ये आता डेपो कोड भरावा लागतो. त्यासाठी तीन मीटिंगा आणि बरीच कुरकुर झाली. जुन्या तक्रारींना कोड नव्हताच, म्हणून सहा महिन्यांच्या डिलिव्हरी पावत्या काढून मी त्या एकेक करून जुळवल्या. मग सुधारलेला रिपोर्ट पाठवला, आणि त्या सुपरवायझरना स्वतः फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, हे त्या मीटिंगमध्ये होते त्या सगळ्यांना पाठवा." पाठवलं.