‘इन्फर’ या क्रियापदाविषयी तळटीप

१२. मूळ इंग्रजी मजकुरात ‘इन्फर’. हाती असलेल्या पुराव्यावरून न पाहिलेल्या गोष्टीपर्यंत पोचणे, म्हणून येथे ‘अनुमान काढणे’. ‘अंदाज बांधणे’ मुद्दाम टाळले. तो पुराव्याविनाही बांधता येतो. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग मिळाला. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य आहे. त्यावरून तीही भोकरदनकडची असावी, असे अनुमान काही अभ्यासक काढतात. (साम्य ‘सुचवते’, अनुमान माणूस काढतो, इंग्रजी लिहिणारेही येथे गफलत करतात.) वाचकांनी या ‘असावी’चे ‘आहे’ करू नये.