सिउतादेया : हरलेल्यांचा कागद

स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात बालेआरिक नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातलं मायोर्का सगळ्यांना ठाऊक असतं, इबिसा नाचगाण्यासाठी तरुणांना ठाऊक असतं. तिसरं मेनोर्का. नावाचा अर्थच 'धाकटं'. या धाकट्या बेटाच्या पश्चिम टोकाला सिउतादेया नावाचं गाव आहे. आमचा भाचा नोकरीनिमित्त बार्सिलोनाला असतो, त्याच्या आग्रहाखातर आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा हे गाव पाहायचा योग आला. मायोर्काच्या आल्कुदिया बंदरातून फेरीबोट निघते आणि सकाळच्या सकाळी तुम्हाला गावाबाहेरच्या धक्क्यावर उतरवते.

प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही. तिथलं पाणी किती निळं आहे आणि चीज किती चविष्ट आहे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते तिथल्या एका कागदाविषयी. तीसपस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. तह, सनदा, जाहीरनामे यांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण पराभूत झालेल्या, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी शत्रूच्याच राजधानीत बसून रीतसर करून घेतलेला दस्तऐवज माझ्या वाचनात दुसरा नाही.

गावाच्या मध्यभागी 'बोर्न' नावाचा मोठा चौक आहे. पूर्वी इथे घोडेस्वारांचे खेळ होत. एका बाजूला सरदार घराण्यांचे वाडे, एका बाजूला नगरपालिकेची इमारत, तिच्यामागे खाली अरुंद, लांबलचक खाडीसारखं बंदर. (हे बंदर दिसतं शांत, पण हवेच्या दाबातल्या अचानक बदलामुळे इथलं पाणी एकाएकी ओसरतं आणि मग उसळून येतं. त्याला स्थानिक लोक 'रिसागा' म्हणतात. १५ जून २००६ रोजी अशाच रिसागाने बंदरातल्या डझनावारी बोटींची वाताहत केली.) चौकाच्या मधोमध बावीस मीटर उंचीचा दगडी स्तंभ आहे. एकोणिसाव्या शतकात तो उभारला. त्यावरचा लॅटिन लेख याच गावात जन्मलेल्या क्वाद्रादो या इतिहासकाराचा. आम्ही आमच्या देवांसाठी आणि घरांसाठी इथे मरेपर्यंत टिकाव धरला, असा त्याचा आशय. एरवी असा स्तंभ म्हणजे विजयाची खूण. हा मात्र पराभवाचा आहे. त्या वर्षाला मेनोर्कातले लोक 'दुर्दैवाचं वर्ष' असंच म्हणतात.

ते वर्ष १५५८. त्या काळी स्पेनचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि फ्रान्सच्या राजाने चक्क तुर्कांच्या सुलतानाशी मैत्री केली होती. धर्मापेक्षा शेजाऱ्याचं वैर मोठं, दुसरं काय! पियाले पाशाच्या हाताखाली ऑटोमन आरमार पश्चिमेकडे आलं, वाटेत इटलीच्या किनाऱ्यावर सोरेंतो लुटलं आणि जूनच्या अखेरीस मेनोर्कासमोर उभं राहिलं. सुमारे १४० जहाजं आणि पंधरा हजार सैनिक असा आकडा सांगतात. बेटाच्या पूर्वेकडचं माहोन बंदर त्याआधी १५३५ मध्ये बार्बारोसाने लुटलं होतं, त्यामुळे तिथे नवा किल्ला उभा राहू लागला होता. पश्चिमेकडची राजधानी सिउतादेया मात्र जुन्या मध्ययुगीन तटाच्या भरवशावर होती. तोफा येण्याआधीच्या काळातला तट तो. लढू शकणारी माणसं काही शेकडा.

आठ दिवस गाव लढलं. कारभार बार्तोमेउ आर्गिंबाउ नावाच्या हंगामी गव्हर्नरकडे होता, लष्कराचा कप्तान नेग्रेते. तोफांनी तटाला भगदाडं पाडली, ती रात्रीतून बुजवायची, सकाळी पुन्हा पडायची. अशातच गावाच्या कारभाराच्या इमारतीत साठवलेली दारू पेटली आणि साठा उडाला. त्यानंतर काही उरलंच नाही. ९ जुलैला तुर्क आत शिरले. गाव जाळलं, गावचं बरंचसं जुनं दफ्तर त्यात गेलं. जिवंत सापडलेल्यांना जहाजांवर चढवून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, नेलं. ३,४५२ हा आकडा रूढ आहे. बायका, मुलं, म्हातारी सगळी धरून. एका छोट्या गावातून आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधून साडेतीन हजार माणसं उचलली म्हणजे मागे काय राहिलं असेल याचा विचार करावा.

आता तो कागद. बंदिवान कॉन्स्टँटिनोपलला पोचले, गुलामांच्या बाजारात विभागले गेले. तीन महिन्यांनी, ७ ऑक्टोबर १५५८ रोजी, त्यांच्यातलेच काही जण आर्गिंबाउ जिथे राहत होता त्या जागी जमले. त्यांच्यात पेरे किंताना नावाचा नोटरी होता, तोही बंदिवानच. त्याने साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि वेढ्याची हकीकत रीतसर नोंदवली. शत्रू केव्हा आला, तोफा कुठे लावल्या, किती हल्ले परतवले, दारूसाठा कसा उडाला, शेवट कसा झाला. हाच तो 'कॉन्स्टँटिनोपलचा दस्तऐवज'. सिउतादेयाच्या नगरपालिकेत तो जपून ठेवला आहे आणि दरवर्षी ९ जुलैला तो जाहीरपणे वाचला जातो.

मला पडलेला प्रश्न असा की, घरदार गेलेलं, मुलंबाळं कुठे विकली गेली याचा पत्ता नाही, आणि अशा वेळी या माणसांना नोटरी का आठवावा? साक्षीपुरावे कुणासाठी?

याचं उत्तर मला माहोनच्या हकीकतीत सापडतं. १५३५ मध्ये बार्बारोसाने माहोनला वेढा घातला तेव्हा तिथल्या काही प्रतिष्ठितांनी आपली घरं वाचवण्याच्या बोलीवर दरवाजे उघडून दिले. शेकडो सामान्य माणसं गुलाम म्हणून गेली, प्रतिष्ठित वाचले. पण पुढच्याच वर्षी त्यांच्यावर फितुरीचा खटला चालला आणि त्यांना देहदंड झाला. ही गोष्ट घडून १५५८ मध्ये जेमतेम बावीस वर्षं झाली होती. आर्गिंबाउच्या पिढीने ती डोळ्यांनी पाहिली होती. गाव पडलं हे तर जगजाहीर होतं. ते विकलं गेलं की लढून पडलं, याचा पुरावा मात्र जळून गेला होता आणि साक्षीदार बाजारात पांगत चालले होते. ते पांगायच्या आत, हाताशी आहेत तोवर, जबान्या घेऊन ठेवणं हेच शहाणपण होतं. मागे राहिलेल्या नातलगांनी आणि स्पेनच्या राजाने आपल्याला फितूर समजू नये, खंडणी भरून सोडवायच्या लायकीचे समजावं, एवढीच त्यामागची धडपड असावी असं मला वाटतं. लोक त्या कागदाकडे शौर्यगाथा म्हणून पाहतात. मला तो एखाद्या कोर्टात सादर करायच्या कैफियतीसारखा वाटतो, आणि म्हणूनच जास्त खरा वाटतो.

सुटकेचं काम पुढे कैक वर्षं चाललं. मार्क मार्ती नावाचा धर्मशास्त्राचा विद्वान स्वतः बंदिवान होता. तो सुटला, आणि मग इतरांना सोडवण्याच्या खटपटीला लागला. चर्चमधून दानपेट्या फिरत, नातलग जमिनी विकत. तरीही परत आलेले थोडेच. बाकीची माणसं तुर्कस्तानातच राहिली, मिसळली, मेली. गाव पुन्हा वसवलं ते बरंचसं बाहेरून आलेल्या लोकांनी. आजचे सिउतादेयाकर ज्या दस्तऐवजाचं वाचन ऐकतात त्यातल्या माणसांशी त्यांच्यापैकी अनेकांचं रक्ताचं नातं नसणार. नातं गावाचं आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७०८ मध्ये इंग्रज आले, १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने बेट त्यांचं झालं. त्यांना माहोनचं खोल बंदर हवं होतं, म्हणून १७२२ मध्ये राजधानी तिकडे हलवली. सरदार आणि पाद्री सिउतादेयातच राहिले. सत्ता गेली पण वाडे राहिले, गल्ल्या राहिल्या. आज पर्यटक ज्यासाठी येतात ते हेच जुनेपण. जुना तट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडला आणि त्याच्या जागी रुंद रस्ता झाला, पण नकाशा पाहिलात तर त्या रस्त्याच्या वळणावरून तट अजून ओळखता येतो. असो.

बोर्नपासून पाच मिनिटांवर कॅथीड्रल आहे. चौदाव्या शतकातलं, एकाच प्रशस्त दालनाचं, बाहेरून किल्ल्यासारखं जाडजूड. त्याचा घंटेचा मनोरा मला जरा वेगळा वाटला म्हणून भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, खालचा भाग मशिदीच्या मिनाराचा आहे. आत पायऱ्या नाहीत, चढण आहे. ती तशीच ठेवली."

इथे मला थांबावं लागलं. कारण या गावाचं आणखी एक दुर्दैवाचं वर्ष आहे आणि त्याचा स्तंभ कुठेच नाही.

चारशे वर्षांच्या आसपास हे बेट मुसलमानांचं होतं आणि हे गाव त्यांची राजधानी, मदीना मिनूर्का. आरागॉनच्या राजाने शेजारचं मायोर्का जिंकलं तेव्हा मेनोर्कावर चाल करून जाण्याइतकं सैन्य त्याच्यापाशी नव्हतं. त्याने समोरच्या काप्देपेराच्या टेकड्यांवर रात्री तीनशेवर आगट्या पेटवल्या. पलीकडच्यांना वाटलं, प्रचंड सैन्य उतरलं आहे. न लढताच त्यांनी १२३१ मध्ये खंडणी कबूल केली. पुढे सईद इब्न हकम नावाच्या, स्वतः कवी असलेल्या आणि विद्वानांना आश्रय देणाऱ्या माणसाने १२३४ पासून १२८२ पर्यंत इथे राज्य केलं. खंडणी वेळच्या वेळी भरायची आणि पुस्तकं जमवायची, असं त्याचं धोरण दिसतं. लहान राज्याने याहून वेगळं काय करावं?

जानेवारी १२८७ मध्ये आरागॉनचा राजा तिसरा अल्फोन्सो आरमार घेऊन आला. तोवर गादीवर सईदचा मुलगा होता. लढाई झाली, मुलगा सांता आगेदाच्या डोंगरी किल्ल्यात जाऊन बसला आणि काही दिवसांत तह झाला. तहाची कलमं वाचताना अंगावर काटा येतो. राजपुत्राला जवळचे दोनशे लोक, आपली पुस्तकं, पन्नास तलवारी आणि वडिलांचे अवशेष घेऊन जाण्याची परवानगी मिळाली. बाकीच्यांनी डोईमागे साडेसात सोन्याच्या मोहरा सहा महिन्यांत भरायच्या आणि बेट सोडायचं. ज्यांना जमणार नाही ते राजाचे गुलाम. जमणारे थोडेच होते. एका अख्ख्या बेटाची प्रजा मायोर्का, बार्सिलोना, वॅलेन्सियाच्या बाजारात विकली गेली आणि रिकाम्या बेटावर कातालान शेतकरी आणून वसवले. १५५८ मध्ये जे गुलाम झाले ते या नव्या वस्तीचे वंशज.

अल्फोन्सोच्या नावाचा चौक गावात आहे. १७ जानेवारी हा मेनोर्काचा अधिकृत दिवस. त्या दिवशी सिउतादेयात मिरवणूक निघते, आणि जुन्या तटाचा दरवाजा जिथे होता तिथे निशाणाच्या काठीने तीनदा ठोकतात. राजा शहरात शिरला त्याची ती आठवण. म्हणजे जानेवारीत लोकांना गुलाम केल्याचा दिवस साजरा होतो आणि जुलैत आपल्याला गुलाम केल्याचा दिवस पाळला जातो, एकाच गावात, बहुधा त्याच माणसांकडून.

भाच्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही इथल्या लोकांना हे विचारू नका हं, त्यांचा सण आहे तो." सौभाग्यवतींनीही त्याचीच बाजू घेतली. मी कुणाला विचारलं नाही. इथल्या लोकांना नावं ठेवण्याचा हेतूही नाही; सातशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचं माप आजच्या माणसाच्या पदरात घालणं बरोबर नव्हे. आणि मेनोर्कातले आताचे अभ्यासक त्या मुसलमानी काळाविषयी पुष्कळ लिहू लागले आहेत, त्यांच्या शेतांचे माग काढत आहेत. बेटावर 'बिनी' या अक्षरांनी सुरू होणारी कितीतरी गावं आणि शेतवाड्या आहेत: बिनिबेका, बिनिआन्कोया, बिनिसाफुया. 'बनू' म्हणजे अमक्याची लेकरं, त्यातून आलेली ही नावं. माणसं विकली, पण त्यांच्या वाड्यांना दुसरी नावं द्यायची राहिली.

मात्र १२८७ च्या त्या माणसांमधल्या कुणी बाजारात उभं राहण्याआधी एखाद्या काझीला गाठून आपली साक्ष नोंदवली असेल, तर ती टिकलेली नाही. त्यांच्याविषयीचा कागद आहे तो तहाचा, जिंकणाऱ्याने लिहून घेतलेला. त्यात त्यांची नावं नाहीत, दर आहे. पेरे किंतानाच्या कागदात नावं आहेत.

दुपारी मनोऱ्यावरची घंटा वाजली तेव्हा आम्ही मागच्या गल्लीत जेवत होतो. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवरचं तुदोन्स हे उपड्या होडीसारखं दगडी दफनगृह पाहायला गेलो. अशा प्रागैतिहासिक अवशेषांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं आहे. ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. ते बांधणारे कोण होते, त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला तर कागदच नाही.