उभ्यांचे आणि बसलेल्यांचे

लहानपणी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी वडिलांबरोबर फुटबॉल पाहायला जात असे. चेंडू गोलजवळ आला की पुढच्या पायरीवरचा कुणीतरी उठायचा. मागून लगेच ओरड व्हायची, ‘‘ए, बस की खाली!’’ तो बसला नाही, तर मागचा उठायचा, मग त्याच्या मागचा. वडिलांचे गुडघे दुखायचे. ते बसूनच राहायचे आणि मला विचारायचे, ‘‘काय झालं रे?’’ कित्येक गोल त्यांनी पाहिले नाहीत, माझ्याकडून ऐकले.

उभ्यांचा आणि बसलेल्यांचा हा तंटा वरवर किरकोळ वाटतो. पण फुटबॉलचे माहेर असलेल्या इंग्लंडात त्याच्यामागे फार दुःखद इतिहास आहे.

तिथे कामगार माणूस शनिवारी दुपारी मॅचला जाई आणि उभ्यानेच ती पाही. बसायची जागा महाग, उभे राहायची स्वस्त. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानात गोलमागच्या उंच पायऱ्यांना ‘कॉप’ म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप या टेकडीवरून आले. जानेवारी 1900 मध्ये तिथे बोअर युद्धातली मोठी लढाई झाली. जखमींना उचलून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. अशा टेकडीचे नाव मिरवणाऱ्या पायऱ्यांवर हजारो माणसे खांद्याला खांदा लावून गात.

या गर्दीने बळीही घेतले. 1946 मध्ये बोल्टनला 33 माणसे चेंगरून मेली, 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात 66. मग 15 एप्रिल 1989 चा दिवस उजाडला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठे दार उघडले. लोक बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या, जाळ्यांनी बंदिस्त कप्प्यांत शिरले. सहाव्या मिनिटाला खेळ थांबला. या दुर्घटनेचे बळी आज 97 मोजले जातात. त्यांतला शेवटचा 2021 मध्ये गेला.

दोष मात्र प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. न्यायमूर्ती टेलर यांनी पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण ठरवले. तरी मृतांच्या घरच्यांना 2016 पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी ज्यूरीने सांगितले, की ही माणसे बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता.

उभे राहणे मुळातच धोक्याचे नाही, हे टेलर यांनी 1990 च्या अहवालात मान्य केले होते. तरीही सर्वांना खुर्ची द्यावी, अशी शिफारस त्यांनी केली. वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर खुर्च्या आल्या. 30 एप्रिल 1994 रोजी कॉपवर प्रेक्षक शेवटचे उभे राहिले. त्या दिवशी लिव्हरपूल नॉर्विचकडून एका गोलने हरले.

खुर्च्या आल्या, पण माणसे बसली नाहीत. विशेषतः परगावाहून आलेले समर्थक सगळा वेळ खुर्चीपुढे उभे राहत. ‘गाणे बसून म्हणता येत नाही,’ हे त्यांचे म्हणणे मला, कवी म्हणून, पटते. पण त्यांच्या मागे तिकिटाचे पैसे मोजून बसलेला म्हातारा असे, लहान मूल असे, चाकाच्या खुर्चीतला माणूस असे. त्यांना पुढच्यांच्या पाठी दिसत. प्रेक्षकाने उभे राहणे हा कायद्याने गुन्हा नव्हता. क्लबच्या नियमांत मात्र ते बसत नव्हते. हजारोंना बाहेर काढणार कोण?

वाट जर्मनीने दाखवली. तिथे डॉर्टमुंडच्या एकाच बाजूला सुमारे 25 हजार लोक आजही उभे राहतात. जर्मन मैदानांवर खुर्चीच्या ओळीला कमरेइतका कठडा लावण्याची पद्धत होती. खुर्ची दुमडून ठेवता येते, माणूस आपल्या जागेवर उभा राहतो, मागचा लोंढा पुढच्यावर कोसळत नाही. हिल्सबरोच्या काही कुटुंबांना ‘उभे राहणे’ हा शब्दच सहन होत नव्हता, आणि ते समजण्यासारखे होते. तरी 2017 मध्ये लिव्हरपूलच्या समर्थक संघटनेने मतदान घेतले, तेव्हा मोठे बहुमत या कठड्यांच्या बाजूने पडले. 1 जानेवारी 2022 पासून काही निवडक मैदानांवर प्रयोग झाला आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून अटी पाळणाऱ्या क्लबांना मुभा मिळाली.

त्या अटींतली एक मला सर्वांत मोलाची वाटते : उभ्यांच्या जागेमुळे इतरांच्या, अपंग प्रेक्षकांच्याही, पाहण्यात अडथळा येता कामा नये. एवढे साधे वाक्य कागदावर यायला तीस वर्षे लागली. उभा राहणाराही चुकीचा नव्हता, बसणाराही नव्हता. दोघांना एकाच ओळीत कोंबणे चुकीचे होते.

पुढे वडिलांना उभ्याने नमाज पढणे जमेना. आमच्या मशिदीत त्यांच्यासाठी सफेच्या कडेला खुर्ची ठेवत. मागच्याला सजद्यासाठी जागा राहील, हे पाहूनच ती ठेवलेली असे. बाजूचा उभा, वडील बसलेले, सफ एकच. तिथे ‘बस की खाली’ असे कुणाला कधी ओरडावे लागले नाही. मैदानातही एवढेच हवे असते. उठण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे, कोण बसले आहे ते.