गाडीचा मेंदू काढताना

१४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात असा पाऊस कोसळला की रस्त्यांचे ओढे झाले, गाड्या वाहून गेल्या आणि पाणी ओसरल्यावर काही गाड्या गाळात पुरलेल्या सापडल्या. अशा वेळी मालक सगळ्यात आधी काय करतो? चावी फिरवून बघतो. आज आपण बोलणार आहोत ते याच चावीने जळू शकणाऱ्या पेटीबद्दल. कोणी तिला ईसीयू म्हणतं, मारुतीचे मिस्त्री ईसीएम म्हणतात. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे ती ठरवते.

ही पेटी गाडीत आली कशी? १९५७ साली अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने इलेक्ट्रोजेक्टर नावाची इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा आणली. ती इतकी बेभरवशाची निघाली की ज्या मोजक्या गाड्यांत बसवली, त्यातल्या बहुतेकांत पुन्हा कार्बोरेटर लावावे लागले. तीच कल्पना जर्मनीच्या बॉशने सुधारली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बसवली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत बॉशने इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामं एकाच डिजिटल पेटीकडे सोपवली. आपण आजही साधारण तीच वाट चालतो आहोत.

आपल्याकडे मात्र ही पेटी हौसेने आली नाही, कोर्टाच्या आदेशाने आली. दिल्लीच्या धुराबद्दल एम. सी. मेहता यांचा खटला वर्षानुवर्षं सुरू होता. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ पाळणाऱ्याच नव्या खासगी गाड्या नोंदवा. कार्बोरेटरने युरो-२ गाठणं फार अवघड. म्हणून १९८३ पासून कार्बोरेटरवर धावणाऱ्या मारुती ८०० मध्ये एमपीएफआय आलं, आणि त्याच्यासोबत ही पेटी. मोटारीत कोर्टाचा इतका थेट हात क्वचितच दिसतो.

जयपूर दिल्लीपासून जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर, पण नियमांच्या बाबतीत बरंच मागे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ लागू झालं ते तेरा शहरांत. त्या यादीत मुंबई, पुणे होतं, आपलं सोलापूरही होतं, जयपूर नव्हतं. सोलापूरकरांनो, तुम्ही जयपूरच्या पुढे होता! सोलापुरात नवी मारुती ८०० मिळणं बंद झालं, तेव्हा जयपुरात ती अजून मिळत होती. सगळ्या देशात बीएस-४ लागू झालं ते २०१७ मध्ये.

पूर्वीचा मिस्त्री कानाने ऐकून, पेचकसाने स्क्रू फिरवून गाडी ट्यून करायचा. ते कसब आता बंद पेटीत गेलं. मिस्त्रीच्या हाती उरलं ती पेटी नीट काढणं आणि नीट लावणं. हे काम क्षुल्लक समजणाऱ्यांनी त्या पेटीची किंमत एकदा विचारून बघावी.

ती काढावी लागते कधी? गाडीत पाणी शिरलं तर. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर. रंगकामानंतर गाडी भट्टीत तापवायची असेल तर. अनेक लहान गाड्यांत पेटी डॅशबोर्डखाली, पुढच्या प्रवाशाच्या पायांजवळ असते. म्हणजे केबिनमध्ये शिरलेलं पाणी तिच्यापर्यंत लवकर पोचतं. काही गाड्यांत ती बॉनेटखाली बॅटरीशेजारी असते.

आता क्रम. बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, स्टार्टर तर मुळीच मारायचा नाही. गाडी कोरडी असेल तर आधी स्कॅनर लावून नोंदलेले दोष वाचून घ्यावेत. मग चावी काढायची आणि दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडायचं. निगेटिव्हच का? कारण ते बॉडीला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सुटल्यावर दहा मिनिटं थांबायचं. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते, आणि चावी काढल्यावरही पेटी काही क्षण आपल्या नोंदी लिहीत असते. पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

जयपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की सीट कव्हरवर सरकलं तरी अंगात स्थिर वीज साठते. ती माणसाला जाणवतही नाही, पण पेटीतली चिप तिने मरू शकते. म्हणून आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा. कपलरचं लॉक उचलून कपलर ओढायचं, वायर ओढायची नाही. पिनांना बोट लावायचं नाही. पेटीवरचा पार्ट नंबर फोटोत टिपून ठेवावा.

काढणं तसं अर्ध्या तासाचं काम. अडचण नंतर येते. भंगारातून तशीच दिसणारी पेटी आणून बसवली, तरी गाडी बहुधा सुरूच होत नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीतली चिप आणि पेटी एकमेकींना ओळखतात. नवी पेटी आली की ती ओळख स्कॅनरने पुन्हा करून द्यावी लागते. गाडी चोरायला कठीण व्हावी म्हणून हा बंदोबस्त. त्याचा भुर्दंड छोट्या गॅरेजवाल्याला पडतो, कारण प्रत्येक कंपनीचा स्कॅनर त्याला परवडत नाही. माझ्या मते गिऱ्हाइकाने पेटी बदलायला होकार देण्याआधी एकच विचारावं: किल्लीशी जुळवणी कोण करून देणार, आणि ती याच बिलात आहे का? शिवाय जुनी पेटी मागून घ्यावी. ती वाळवून, साफ करून पुन्हा चालू झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.